मठांतील सुवर्णलेखन : इतिहास व एक अल्पसा प्रयोग

छापण्याची कला युरोपांत रूढ होऊन साडेपांचशें वर्षांहून अधिक काळ लोटला. आज तर बटण दाबतांच पाहिजे तितकीं पानें छापून बाहेर पडतात, आणि त्यांतील पुष्कळशीं वाचलीं जाण्यापूर्वींच रद्दींत जमा होतात. अशा काळांत, एका अक्षरासाठीं आठवडाभर खपणारे व एका ग्रंथासाठीं आयुष्याचीं कित्येक वर्षें वेंचणारे लोक एके काळीं होऊन गेले, असें सांगितल्यास तरुण वाचकांस ती अतिशयोक्ति वाटेल. परंतु ती अतिशयोक्ति नव्हे. त्यांचें काम अद्याप जगाच्या डोळ्यांसमोर आहे, आणि त्यांनीं भरलेला रंग तेराशें वर्षांनंतरही उतरलेला नाहीं.

या महोत्सवी स्मरणिकेंत आमच्या धर्मग्रामाचा इतिहास इतर लेखकबंधूंनीं सविस्तर दिलेलाच आहे. आम्ही येथें जरा निराळा विषय घेतला आहे. इतिहास ज्यावर लिहिला जातो व ज्याच्या योगानें टिकतो, तें कातडें, ती शाई, ते रंग आणि तें सोनें यांची हकीकत वाचकांस सांगावी, व या कलेचा जो लहानसा प्रयोग आम्ही यंदाच्या उपवासकाळांत स्वतःच्या हातानें करून पाहिला त्याचाही वृत्तांत द्यावा, असा आमचा हेतु आहे.

प्रथम नांवाविषयीं. युरोपीय भाषांत या कलेस ‘इल्युमिनेशन’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘इल्युमिनारे’, म्हणजे उजळणें, या क्रियापदापासून आला आहे. काटेकोर अर्थानें ज्या पानावर सोनें किंवा रुपें लाविलेलें असेल तेंच पान उजळलेलें म्हणावयाचें. कारण दिवा जवळ नेतांच तें प्रकाश परत फेंकतें. पुढें रंगीत चित्रें व सजविलेलीं आद्याक्षरें यांसही तेंच नांव पडलें. या लेखापुरतें आम्ही त्यास सुवर्णलेखन म्हणूं.

संत बेनेडिक्ट यांनीं सहाव्या शतकांत मठवासी बंधूंसाठीं जी नियमावली लिहिली, तींत हाताचें काम व पवित्र वाचन या दोहोंसाठीं दिवसाचे तास नेमून दिले आहेत. उपवासकाळाच्या आरंभीं प्रत्येक बंधूस एकेक पुस्तक द्यावें व त्यानें तें अथपासून इतिपर्यंत वाचावें, असाही त्यांत नियम आहे. वाचावयाचें तर पुस्तक हवें, आणि पुस्तक हवें तर कोणी तरी तें उतरून काढिलें पाहिजे. मठांतील लेखनशाळा या साध्या गरजेंतून उभ्या राहिल्या.

त्या श्रमाचें मान कळण्यास एकच उदाहरण पुरे आहे. इंग्लंडच्या ईशान्य भागांतील वेअरमथ व जॅरो या जुळ्या मठांत मठाधिपति केओलफ्रिथ यांनीं संपूर्ण पवित्र शास्त्राच्या तीन प्रचंड प्रती करविल्या. त्यांपैकीं एक संत पेत्राच्या चरणीं अर्पण करावी म्हणून हे वृद्ध मठाधिपति इ. स. ७१६ सालीं रोमला निघाले. परंतु वाटेंत फ्रान्समधील लांग्र येथें त्यांचें देहावसान झालें. ती प्रत ‘कोडेक्स अमियाटिनस’ या नांवानें फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयांत आज सुरक्षित आहे. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतराची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी संपूर्ण प्रत ती हीच. तिचीं पानें हजाराहून अधिक असून वजन सुमारें ३४ किलो भरतें. तिच्यासाठीं पांचशेंहून अधिक जनावरांचीं कातडीं लागलीं असावींत, असा विद्वानांचा अंदाज आहे. म्हणजे ग्रंथ करावयाचा तर आधीं गोठा हवा, कुरण हवें, आणि तें राखणारे हात हवेत. ज्या बंधूनें कधीं लेखणी धरली नाहीं, पण गुरें राखलीं, त्याचाही त्या ग्रंथांत वांटा आहे.

त्याच किनाऱ्यावरील लिंडिस्फार्न बेटावर आठव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास शुभवर्तमानांचा एक ग्रंथ झाला. तो बिशप एडफ्रिथ यांनीं लिहिला अशी नोंद त्याच ग्रंथांत आहे, आणि चित्रेंही त्यांच्याच हातचीं असावींत असें जाणकार मानतात. ही नोंद दहाव्या शतकांतील अल्ड्रेड नांवाच्या धर्मगुरूनें केली. त्यानेंच लॅटिन ओळींच्या मधल्या जागेंत शब्दाशब्दाचा अर्थ जुन्या इंग्रजींत लिहिला. शुभवर्तमानांचें इंग्रजी भाषेंतील सर्वांत जुनें उपलब्ध रूप तें हेंच होय.

केल्सच्या ग्रंथाची कथा याहून करुण आहे. सुमारें इ. स. ८०० चा हा ग्रंथ १००७ सालीं आयर्लंडांतील केल्सच्या मंदिरांतून चोरीस गेला. दोन महिने वीस दिवसांनीं तो मातीच्या ढेंकळांखालीं सांपडला, तेव्हां त्यावरचें सोन्याचें आवरण नाहींसें झालेलें होतें. चोरास सोनें हवें होतें. शब्द त्यानें टाकून दिले. आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत जें पाहण्यासाठीं देशोदेशींचे लोक रांगा लावितात, तें त्या चोराच्या लेखीं टाकाऊ होतें.

आतां साहित्याकडे वळूं. वासरूं, मेंढी किंवा शेळी यांचें कातडें चुन्याच्या पाण्यांत कांहीं दिवस भिजत घालावयाचें, केंस व मांस खरडून काढावयाचें, मग तें ओलें असतांनाच लांकडी चौकटीवर ताणून बांधावयाचें आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या सुरीनें तासावयाचें. तें वाळत जाईल तसतशा दोऱ्या अधिक आवळावयाच्या. या ताणामुळेंच कातड्याचे तंतु एका पातळींत बसतात व त्यास कागदाचा सपाटपणा येतो. कमावलेल्या चामड्याहून हें निराळें. यास झाडाची साल किंवा हिरडा लावीत नाहींत.

लेखनासाठीं कातडें करण्याचा धंदा आमच्या भागांत नाहीं. परंतु ढोलकी व तबला मढविणारे कारागीर न कमावलेलेंच शेळीचें कातडें वापरतात. अशा एका वृद्ध कारागिराकडून आम्ही हातभर कातडें आणिलें व तें खडूच्या पुडीनें आणि बारीक घासकागदानें घासून घेतलें. केंसांकडची बाजू किंचित् पिवळसर व मांसाकडची पांढरी, हा भेद डोळ्यांआधीं बोटांस कळतो. युरोपखंडांतील बहुतेक ग्रंथांत समोरासमोरचीं दोन पानें एकाच जातीचीं येतील, अशा बेतानें घड्या घातलेल्या असतात : केंसांची बाजू केंसांसमोर, मांसाची मांसासमोर. कातडें हातीं घेतल्यावांचून या दक्षतेचें कारण ध्यानांत येत नाहीं.

शाईची हकीकत मात्र आमच्या अंतःकरणास अधिक लागली. ओक वृक्षावर किड्याच्या दंशानें ज्या गांठी येतात, त्यांस आपल्या बाजारांत मायफळ म्हणतात. मायफळाचा काढा, हिराकस व डिंक यांची शाई मध्ययुगीन युरोपांत सर्वत्र चाले. लिहितांना ती फिकी दिसते, हवा लागतांच काळी होते, आणि कातड्यांत इतकी मुरते कीं खरडल्यावांचून निघत नाहीं. कातड्यावर ती शतकानुशतकें टिकली. परंतु पुढें कागद आला, आणि शाई तीच राहिली. तिच्यांतील आम्ल व लोह कागदास हळूहळू जाळतात.

आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांत हें प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. कित्येक पानांवर जेथें नांव असावयाचें, तेथें नांवाच्याच आकाराचें भोंक आहे. एका नोंदींत तारीख आहे, आईबापांचीं नांवें आहेत, धर्मपित्याचें नांव आहे. मूल मात्र नाहीं. ज्या धर्मगुरूंनीं तीं नांवें लिहिलीं त्यांच्याकडे कांहीं उणेपणा नव्हता. त्यांनीं त्या काळीं उत्तम समजली जाणारी शाई वापरली आणि अक्षरही मोत्यांसारखें काढिलें. किंबहुना ज्यांनीं अधिक ठळक लिहिलें, त्यांचींच नांवें आधीं गेलीं.

म्हणून दिवंगत बंधुभगिनींच्या नांवांचें स्मरणपुस्तक या महोत्सवी वर्षांत नव्यानें लिहावयाचें ठरलें, तेव्हां शाईचा प्रश्न आमच्यापुढें प्रथम उभा राहिला. त्याचें उत्तर आपल्याच देशांत होतें. आपल्याकडील पोथ्या काजळाच्या शाईनें लिहिल्या जात. काजळ म्हणजे निव्वळ कोळशाची धूळ. तें कागदास खात नाहीं व उन्हानें उडत नाहीं. पाण्यापासून जपलें कीं झालें. आमचें पुस्तक आम्ही त्याच शाईनें लिहीत आहों.

चूक सुधारण्याच्या रीतींतही असाच देशपरत्वें फरक आढळतो. युरोपांतील लेखक डाव्या हातांत सुरी धरून बसे. पिसाची लेखणी टोंकदार करणें, कातडें दाबून धरणें आणि चुकलेलें अक्षर खरडणें, हीं तिन्ही कामें तिनेंच होत. आपले पोथीकार चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावीत व वाळल्यावर त्यावर पुन्हां लिहीत. ‘हरताळ फांसणें’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आलेला आहे.

रंगांचीं नांवें घेऊं लागलें म्हणजे आपण एखाद्या काष्ठौषधींच्या दुकानांत उभे आहों असा भास होतो. शेंदूर, हिंगूळ, हरताळ, जंगाल, सफेता, नीळ, लाख : मध्ययुगीन चित्रकाराची बहुतेक पेटी आपल्या ओळखीची आहे. शेंदरास लॅटिनांत ‘मिनियम’ म्हणत. त्यानें अक्षरें रंगविण्याच्या कामावरून ‘मिनिएचर’ हा शब्द निघाला. लहान आकाराशीं त्याचा मुळांत कांहीं संबंध नाहीं. मिस्सापुस्तकांत धर्मगुरूंस सूचना देणारीं जीं तांबडीं वाक्यें असतात त्यांस ‘रुब्रिक’ म्हणतात, तेंही ‘रुबेर’, म्हणजे तांबडा, या शब्दावरून. नीळ व लाख हे जिन्नस तर मध्ययुगाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांतून व्यापारी मार्गांनीं युरोपांत जात.

सर्वांत मोलाचा रंग लाजवर्दाचा. हा दगड अफगाणिस्तानांतील बदख्शानच्या खाणींतून येई, म्हणून त्याच्या निळ्या रंगास ‘समुद्रापलीकडचा’ अशा अर्थाचें ‘अल्ट्रामरीन’ हें नांव पडलें. दगड नुसता कुटला तर करडी पूड हातीं लागते. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकारानें सुमारें १४०० सालीं लिहिलेल्या ग्रंथांत शुद्धीची रीत दिली आहे. पूड राळ, मस्तकी व मेण यांच्या गोळ्यांत मळावी, गोळा कांहीं दिवस मुरूं द्यावा, मग राखेच्या क्षारपाण्यांत काठ्यांनीं दाबीत राहावें. निळे कण पाण्यांत उतरतात व मळ गोळ्यांत राहतो. पहिल्या पाण्याचा रंग सर्वोत्तम. लिंडिस्फार्नच्या ग्रंथांतील निळाही लाजवर्दाचाच असावा असें पुष्कळ वर्षें मानीत. परंतु अलीकडील शास्त्रीय परीक्षेंत तो वनस्पतींची नीळ ठरला. दूरच्या रत्नावांचून, शेतांतल्या झाडपाल्याच्या बळावर एडफ्रिथ यांनीं तें तेज साधलें होतें.

हें काम केवळ पुरुषांचें होतें असा एक समज आहे, तो येथें दूर केला पाहिजे. स्पेनमधील गिरोना येथील मुख्य मंदिरांत इ. स. ९७५ चा एक ग्रंथ आहे. त्यांत चित्रकार म्हणून एन्दे नांवाच्या स्त्रीची नोंद आहे. आणि २०१९ सालीं एक आश्चर्यकारक शोध प्रसिद्ध झाला. जर्मनींतील डालहाइम येथील धर्मभगिनींच्या मठाच्या दफनभूमींत, सुमारें नऊशें ते हजार वर्षांपूर्वीं पुरलेल्या एका स्त्रीच्या दांतांवरील किटणांत लाजवर्दाचे सूक्ष्म कण सांपडले. कुंचल्याचें टोंक ओठांनीं ओलें करून निमुळतें करण्याची तिची संवय असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. तिचें नांव कोठेंही लिहिलेलें नाहीं. तिनें रंगविलेलें पुस्तक कोणतें, हेंही सांगतां येत नाहीं. परंतु बदख्शानची ती निळी धूळ तिच्या मुखांत राहिली, आणि इतक्या शतकांनीं तिनें साक्ष दिली.

आतां सोन्याविषयीं. नवख्यास वाटेल कीं आधीं चित्र रंगवावें व शेवटीं सोनें लावावें. क्रम याच्या अगदीं उलट आहे. वर्ख रंगावर जाऊन चिकटतो, आणि घोटतांना शेजारचा रंग पुसला जातो. म्हणून आधीं रेखाटन, मग सोनें, आणि त्यानंतर रंग. अपुऱ्या राहिलेल्या हस्तलिखितांत हा क्रम उघड दिसतो : कोठें नुसत्या रेघा, कोठें सोनें चमकत आहे पण रंगाचा पत्ता नाहीं.

सोनें उठून दिसावें म्हणून त्याखालीं लेपाचा उंचवटा करितात. पाण्यांत मुरविलेलें प्लास्टर, सफेता, सरस, थोडी साखर किंवा मध, आणि लेप डोळ्यांस दिसावा म्हणून चिमूटभर तांबडी माती, असें हें मिश्रण असे. प्लास्टरानें जाडी येते, सरसानें पकड येते, आणि मध हवेंतील ओल ओढून घेतो. सफेता विषारी असल्यामुळें आम्ही तो वगळला, व तांबड्या मातीच्या जागीं गेरू घातला.

स्मरणपुस्तकाच्या पहिल्या पानासाठीं आम्ही ‘स्मरण’ या शब्दाचें आद्याक्षर ‘स्म’ घेतलें. लॅटिन स्तोत्रसंहितेचें पहिलें अक्षर ‘बी’ असतें. त्याच्या दोन बंद कोठड्यांत चित्रकारास दाविद राजा, वेली व पशुपक्षी सुखानें बसवितां येत. आपल्या देवनागरीस तशा खोल्या थोड्या. तिचें अक्षर शिरोरेषेस टांगलेलें असतें. म्हणून जुईचा वेल अक्षराच्या आंत कोंबण्याऐवजीं, मांडवावरून सोडावा तसा, शिरोरेषेवरून खालीं सोडला.

लेप तीन थरांत दिला. प्रत्येक थर पुरता वाळूं दिला, व शेवटीं चाकूच्या धारेनें गुळगुळीत केला. वर्ख लावण्यास पहाटेची वेळ धरली, कारण समुद्राकाठच्या आमच्या गांवीं त्या वेळीं हवा दमट असते, आणि कोरड्या हवेंत हें काम साधत नाहीं. कागदाच्या नळींतून अक्षरावर सावकाश चार-पांच श्वास सोडावयाचे. त्या उबेनें व ओलीनें मधाचा अंश जागा होतो आणि लेपास क्षणभर चिकटपणा येतो. त्याच क्षणीं वर्ख टेंकवून, वर गुळगुळीत कागद ठेवून, बोटानें दाबावयाचा. नंतर अकीकाच्या दगडानें हलक्या हातानें घोटावयाचें. जुने कारागीर याकामीं कुत्र्याचा दांतही वापरीत. घोटतां घोटतां तें निस्तेज पिवळें सोनें एकाएकीं आरशासारखें होतें. परमेश्वरानें मातीच्या मानवांत आपला श्वास फुंकला, हा उत्पत्तीच्या पुस्तकांतील प्रसंग आम्ही सेमिनरींत पुष्कळदां अभ्यासिला होता. त्यावरील एकाही भाष्यानें जें सांगितलें नव्हतें, तें त्या पहाटे हातांनीं सांगितलें : श्वासावांचून सोनें मातीस धरीत नाहीं.

रोज दीड-दोन तास देऊन हें एक अक्षर पुरें होण्यास नऊ दिवस लागले. त्यानंतर अमियाटिनसच्या हजार पानांचा विचार मनांत आला, तेव्हां कांहीं काळ आम्ही निःशब्द राहिलों.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सुवर्णलेखन हें सर्वकाळ मठांतच राहिलें नाहीं. विद्यापीठें वाढलीं तसतसे तेराव्या शतकापासून पॅरिससारख्या शहरांत संसारी कारागीर मजुरीनें हें काम करूं लागले. ड्यूक ऑफ बेरीसाठीं अप्रतिम प्रार्थनापुस्तक रंगविणारे लिंबुर्ग बंधु हे दरबारी चित्रकार होते. तिघेही भाऊ १४१६ सालीं वारले, व पुस्तक अपुरें राहिलें. पुढें सुमारें १४५५ सालीं गुटेनबर्ग यांनीं पवित्र शास्त्र छापिलें, तेव्हांही आद्याक्षरांसाठीं जागा मोकळी सोडून तीं हातानेंच भरविलीं जात. नंतर यंत्रानें तीही जागा व्यापिली.

कला मात्र मेली नाहीं. एडवर्ड जॉन्स्टन यांनीं लंडनमध्यें जुनीं हस्तलिखितें न्याहाळून लेखणी कशी कापावी, कशी धरावी हें पुन्हां शोधून काढिलें, व १९०६ सालीं त्यावर एक ग्रंथ लिहिला. आज जगभर जे या कलेचे अभ्यासक आहेत ते त्यांचे ऋणी आहेत. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांताच्या सेंट जॉन्स या बेनेडिक्टाईन मठानें १९९८ सालीं डोनाल्ड जॅक्सन यांजकडे संपूर्ण पवित्र शास्त्र हातानें लिहविण्याचें काम सोंपविलें. पिसाच्या लेखणीनें, कातड्यावर, सोन्यासह तें सात खंडांत २०११ सालीं पुरें झालें.

वाचक विचारतील, या सर्वांचा आपणांशीं काय संबंध? संबंध जवळचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें, आणि १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. त्या तिन्ही आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. आपल्या भाषेंतील तें थोर पुराण आपणांस मिळालें तें हातानें उतरलेल्या वह्यांमुळें. अशाच हस्तलिखितांवरून तें १९०७ सालीं मंगळूर येथें पुन्हां छापतां आलें. तें उतरून घेणाऱ्या बहुतेकांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. त्यांच्यापाशीं सोनें नव्हतें, लाजवर्द नव्हता. ज्या गोष्टीवर प्रेम आहे ती आपल्या हातानें पुन्हां लिहावी, एवढेंच त्यांस ठाऊक होतें.

आमच्या पानावरील सोनें गुंजभरही नाहीं. तें कोणी चोरावें असें नाहीं, व तें पाहण्यास कोणी रांगा लावील असेंही नाहीं. परंतु त्याखालीं जीं नांवें येणार आहेत, तीं आमच्या लेखीं सोन्याहून मोलाचीं आहेत. म्हणून धर्मग्रामांतील सर्व कुटुंबांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं आपल्या दिवंगतांचीं नांवें छापून किंवा टंकून पाठवूं नयेत. घरांतील एकानें मंदिरांत यावें व स्वतःच्या हातानें तीं या पुस्तकांत लिहावींत. अक्षर वेडेंवांकडें असलें तरी चालेल. शाई, बोरू व पान आम्ही सिद्ध ठेविलें आहे. ज्या आईबापांचें नांव वाळवीनें किंवा आम्लानें खाल्लें, त्यांचें नांव आजीआजोबांस विचारून आणावें; जोंवर कोणाच्या तरी स्मरणांत तें आहे तोंवर तें लिहितां येईल. सर्व संतांच्या व सर्व मृतांच्या सणांपूर्वीं हें पुस्तक पुरें व्हावें, आणि जीं नांवें आपणांस सांपडलीं नाहींत तींही परमेश्वराच्या जीवनग्रंथांत अढळ राहोत, अशी आमची नम्र प्रार्थना आहे.